सतराचा पाढा येतो, म्हणजे माणूस बरा?

गेल्या रविवारी सगळे जेवायला जमले होते आणि धाकट्या भाऊजींनी पुन्हा तोच विषय काढला. "वहिनी, दादाला त्या बाईंकडे नेऊन तीन तास कोडी सोडवायला बसवलंत, पैसे मोजलेत, मिळालं काय? स्कॅन तर चांगला होता!" भरल्या पानावर वाद नको म्हणून गप्प बसले. आता इथे घालते. भाऊजी हा ब्लॉग वाचतात, हे मला ठाऊक आहे.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आमचे हे दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले. कपाळामागे थोडा रक्तस्राव झाला, तो विरघळला. दुसऱ्या स्कॅननंतर "आता काही नाही, घरी न्या" असं सांगण्यात आलं. घरी आलेला माणूस दिसायला तोच होता. पण जन्मभर पोस्टात हिशेब केलेले हे, एकाच वाण्याला दोनदा पैसे देऊन येऊ लागले. चहाचं आधण ठेवायचे आणि पुढे काय करायचं ते सुचायचं नाही. विचारलं की ओरडायचे. कधी आवाज न चढवलेला माणूस!

मग मी काय केलं? मास्तरीणच मी, परीक्षा घेतली! सतराचा पाढा म्हणायला लावला, तो खडाखड म्हटला. नातवंडांचे वाढदिवस विचारले, सगळे बरोबर. मी निकाल लावून टाकला, डोकं शाबूत आहे, मुद्दाम करतात. पाच महिने त्याच समजुतीने त्यांच्याशी भांडले. तेव्हा भाऊजी, पहिली चूक माझीच.

पाढा ही पक्की मुरलेली गोष्ट. ती शिल्लक असते. दवाखान्यातल्या तीस गुणांच्या छोट्या चाचणीतही यांना अठ्ठावीस मिळाले होते. १९७५ पासूनची ती चाचणी तारीख-वार, स्मरण, भाषा चटकन पाहायला ठीक आहे. पण बेत आखणं, एक काम सोडून दुसरं धरणं, स्वतःला आवरणं, ही कपाळामागच्या मेंदूची कामं त्यात फारशी तपासलीच जात नाहीत.

त्या बाई म्हणजे क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट. मेंदूच्या दुखापतीने माणसाच्या वागण्यात, विचारात, आठवणीत नेमकं काय बिघडलं आणि काय टिकलं, ते मोजणं हे त्यांचं काम. त्यांनी आधी विचारलं, शिक्षण किती, कोणत्या माध्यमातून? कारण तुलना त्याच वयाच्या, तेवढंच शिकलेल्या माणसांशी करायची असते. मग चाचण्या, मराठीतून. एका मिनिटात 'क'वरून शब्द सांगा. हे चार शब्द बोलले आणि तेच पुन्हा म्हणू लागले. खुंट्यांवरचे मणी कमीत कमी चालींत हलवा. यांनी विचार न करताच मणी उचलले. पंधरा शब्दांची यादी मात्र अर्ध्या तासानंतरही बरीचशी आठवली. निष्कर्ष असा की स्मरण चांगलं, नियोजन आणि लक्ष अधू. मुद्दाम काही नाही. त्या दिवशी मी घरी येऊन रडले.

भाऊजी, स्कॅन हा मेंदूचा फोटो. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी इमारतीचा फोटो काढला, भिंतीला तडा नाही असं लिहिलं, म्हणजे आत शिकवणं चालू आहे हे सिद्ध झालं का? त्यासाठी वर्गात बसून पोरांना प्रश्न विचारावे लागतात.

आणि हे नवं खूळ नाही. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलाइसन या तरुणाच्या अपस्मारासाठी मेंदूचा काही भाग काढला. बुद्धी शाबूत, पण नवी आठवण टिकेना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. हात रोज सुधारत गेला, पण आपण हे काल केलं होतं, हे त्याला आठवत नसे. आठवणी एकाच प्रकारच्या नसतात, हे अशा 'कोड्यां'तून जगाला कळलं. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्समध्ये भारतीय रुग्णांसाठी अशा चाचण्यांचा संच तयार झालेला आहे.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाला घरी पाठवताना याबद्दल चकार शब्द निघत नाही. मग घरचे "वय झालं", "स्वभाव बिघडला" म्हणत त्याला टोचत राहतात. हाडाचा डॉक्टर प्लास्टर काढल्यावर व्यायामाला पाठवतो, मग मेंदूच्या बाबतीतच "घरी न्या" एवढ्यावर का भागवायचं? म्हणून सांगते, घरी सोडताना तुम्हीच विचारा. जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे जाल, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही विचारा. इंटरनेटवरच्या 'मेंदूची शक्ती तपासा' खेळांवर विसंबू नका.

बाईंनी औषध दिलं नाही, ते त्यांचं कामही नव्हे. एका वेळी एकच काम, स्वयंपाकघरात पायऱ्या लिहिलेला कागद, पैशांच्या व्यवहारात दुसरं माणूस सोबत, आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत वाहन बंद, एवढं सांगितलं. पूर्ववत होतील असं वचन दिलं नाही. पण आता चहा हे करतात, कागद बघून. आणि ओरडणं पुष्कळ कमी झालं आहे, कारण माझं टोचणं थांबलं आहे.

रविवारी निघताना तुम्ही प्रेमाने यांच्या हातात स्कूटरची किल्ली ठेवलीत, "दादा, चल, एक चक्कर मारून ये." ती मी काढून घेतली, तर तुम्हाला राग आला. किल्ली माझ्या डब्यात आहे, भाऊजी. ती तिथेच राहील. पुढच्या तपासणीला तुम्हीच यांच्यासोबत चला.