झगा न घातलेले याजक

१/
मुंबई उपनगरांतील ख्रिस्ती इतिहास सांगताना बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवरील फ्रान्सिस्कन वास्तूचे अवशेष, अंधेरीचे पडके चर्च आणि पाद्र्यांची नावे हटकून येतात. हा इतिहास खरा आहे, परंतु अपुरा आहे. गावोगावी धर्म चालवणारा सामान्य श्रद्धावंत त्यात फारसा दिसत नाही. हा थ्रेड त्याच्याविषयी.

२/
प्रथम भूगोल. वांद्र्यापासून घोडबंदर-ठाण्यापर्यंतचे बेट म्हणजे साष्टी. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी उपनगरे याच बेटावरची. गोव्यातही साष्टी नावाचा प्रदेश आहे. दोहोंची गल्लत अनेक लेखांत आढळते. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसईबरोबर हे बेट पोर्तुगीजांना दिले.

३/
आता कल्पना. याजक म्हणजे लोकांच्या वतीने देवापुढे उभा राहणारा, अर्पण करणारा, इतरांसाठी प्रार्थना करणारा. नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात ही पदवी साऱ्या श्रद्धावंतांना दिली आहे. १५२० मध्ये मार्टिन ल्यूथरने हाच धागा पकडून पाद्रीवर्गाच्या मक्तेदारीला आव्हान दिले.

४/
कॅथलिक चर्चने त्याला उत्तर देताना दीक्षित पाद्र्याच्या अधिकारावर भर दिला. तरीही दोन दारे उघडी राहिली. मरणासन्न बालकाला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. म्हणून सुइणींना त्याचे शब्द शिकवण्याची जुनी प्रथा होती. आणि लॅटिन परंपरेत विवाहाचा संस्कार वधूवर स्वतःच एकमेकांना देतात. पाद्री चर्चच्या वतीने साक्षी असतो.

५/
साष्टीत या कल्पनेची कसोटी अठराव्या शतकात लागली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. जेझुइट, फ्रान्सिस्कन इत्यादी संघांचे युरोपीय पाद्री निघून गेले. त्यांचे मठ आणि शिक्षणसंस्था ओस पडल्या. गावातला ख्रिस्ती शेतकरी, कोळी, कारागीर मात्र जागेवरच राहिला.

६/
येथे एक सोयीस्कर दंतकथा टाळली पाहिजे. ‘पाद्री उरलेच नाहीत, लोकांनी एकट्याने धर्म तारला’ असे म्हणणे चूक आहे. गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकाराखालील देशी पाद्री येथे सेवा करत राहिले. मराठी राज्यात ख्रिस्ती उपासनेला मुभाही होती.

७/
परंतु प्रश्न वेगळा आहे. मोजके पाद्री आणि विखुरलेली गावे असताना मिस्सा संपल्यावर काय होत असे? मुलांना प्रार्थना कोण शिकवी? आजाऱ्याच्या उशाशी जपमाळ कोण म्हणे? दफ्तरांत पाद्र्यांची पत्रे उरतात. आजीने पाठ करून घेतलेली प्रार्थना उरत नाही. इतिहासलेखनातील असमतोलाचे मूळ येथे आहे.

८/
तरी काही खुणा उघड्यावर आहेत. मरोळ, आंबोली, सहार, चकाला अशा गावठाणांत चौकाचौकांत क्रूस दिसतात. त्यांपैकी अनेक कुटुंबांनी किंवा वस्तीने स्वखर्चाने उभारले. १८९६ च्या प्लेगच्या काळात तर त्यांची संख्या वाढली. मे महिन्यात तेथे जपमाळ आणि लितानी म्हणतात. पुढाकार बहुधा गल्लीतल्याच एखाद्या वडीलधाऱ्याचा असतो.

९/
गल्लीतल्या त्या क्रुसापाशी उभी राहून शेजाऱ्यासाठी प्रार्थना करणारी बाई नेमके कोणते काम करत असते? तिसऱ्या पोस्टमधील व्याख्या पुन्हा वाचावी. तिला दीक्षा नाही, झगा नाही, वेतन नाही. काम मात्र याजकाचे आहे.

१०/
ग्रंथाची साक्षही आहे. फादर थॉमस स्टीफन्सचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्याच्या साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ पुराणश्रवणाच्या सवयीवर उभा आहे. मिस्सा लॅटिनमध्ये होती आणि ती पाद्र्याविना होत नसे. ओवी मात्र वाचता येणाऱ्या कोणाच्याही मुखातून घरात पोहोचू शकत होती.

११/
सामान्य श्रद्धावंत नेहमी शांतपणे प्रार्थनाच करत बसला, असेही नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील चर्चेस कोणाच्या अधिकारात असावीत, यावर दोन सत्तांचा वाद पेटला होता : पोर्तुगीज राजाश्रयाखालील गोव्याचा पाद्रोआदो आणि रोमचा थेट कारभार पाहणारा प्रोपागांडा.

१२/
१८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमधील लोकांनी पाद्रोआदोकडे परतण्याचे ठरवले. रोमचे प्रतिनिधी बिशप हार्टमन यांनी स्वतःला चर्चमध्ये कोंडून घेतले. बाहेर लोकांनी सुमारे दोन आठवडे वेढा दिला. शेवटी सरकारने हस्तक्षेप केला आणि चर्च पाद्रोआदोच्या पक्षाकडे गेले.

१३/
या प्रसंगाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्यात गटबाजी होती, ईर्ष्या होती. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे : ‘चर्च आमचे आहे’ ही जाणीव माहीमच्या लोकांत एवढी प्रखर होती की त्यांनी बिशपलाही जुमानले नाही. हा दुहेरी कारभार मुंबईत १९२८ पर्यंत रेंगाळला.

१४/
पुढे रोमनेच सामान्यांच्या याजकत्वाला ठळक शब्द दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा चर्चविषयक मुख्य दस्तऐवज २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर झाला. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचा ख्रिस्ताच्या याजकत्वात वाटा आहे, असे त्यात मांडले आहे. त्यानंतर अवघ्या ११ दिवसांनी, २ डिसेंबरला, पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप.

१५/
या दस्तऐवजाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. सामान्यांचे आणि दीक्षितांचे याजकत्व यांतील भेद केवळ पायरीचा नसून मूलतः आहे, असे तो बजावतो. मिस्सेचे अर्पण दीक्षित पाद्रीच करतो. त्यामुळे कॅथलिक चर्चने ल्यूथरचे मत जसेच्या तसे स्वीकारले, असे म्हणता येत नाही.

१६/
महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून भटाविना विवाह लावण्याचा आग्रह धरला. तेथे मध्यस्थच नाकारला गेला. साष्टीत तो राहिला, पण सारा धर्म त्याच्या हाती कधीच नव्हता. दोन्हीकडे प्रश्न एकच : देवाशी बोलण्याचा अधिकार कोणाचा?

१७/
म्हणूनच १९६४ मध्ये सामान्यांना ‘नवा अधिकार मिळाला’ ही मांडणी साष्टीपुरती तरी अपुरी वाटते. जे काम गावठाणांत पिढ्यानपिढ्या चालत आले होते, त्याला परिषदेने धर्मशास्त्रीय नाव दिले. नाव उशिरा मिळाले. काम जुने होते.

१८/
याचा आजच्या वारसाचर्चेशी थेट संबंध आहे. अंधेरीच्या सीप्झ परिसरात १५७९ च्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या भिंती उभ्या आहेत. १८४० च्या साथीनंतर तेथील धर्मग्राम मरोळला हलले. तरी लोकांनी ती जागा सोडली नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तेथे मिस्सा होते. त्या भिंतींना अवशेषापलीकडचा अर्थ या येण्याजाण्याने मिळतो.

१९/
पुनर्विकासात गावठाणांची घरे जातात, तेव्हा क्रूस एक तर कोपऱ्यात सरकतो किंवा इमारतींच्या मध्ये गुदमरतो. दगड हलवता येतो. त्याभोवती जमणारी गल्ली पांगली की लितानी म्हणणारे उरत नाहीत. वारसा म्हणजे केवळ वास्तू, ही व्याख्या येथे तोकडी पडते.

२०/
इतिहासाची आवड असलेल्या तरुणांना येथे प्रत्यक्ष काम आहे. क्रुसांवरील सन आणि नावे टिपावीत. प्रार्थना कोण सांगे, कोणत्या बोलीत सांगे, हे वृद्धांना विचारावे. लग्नाआधी विहिरीवरून ‘उंबराचे पाणी’ आणणाऱ्या बायकांची गाणी ध्वनिमुद्रित करावीत. पाद्र्यांच्या याद्या दफ्तरांत सुरक्षित आहेत. या याजकांची यादी अजून कोणीतरी करायची आहे.