कातलेले खेळणे : दान की मागणी?

निवृत्तीनंतर लाकूडकामाची हौस जोपासणारे काही सद्गृहस्थ घरच्या छोट्या लेथवर भोवरे, खुळखुळे, चाकांच्या गाड्या कातून गरीब वस्त्यांतील मुलांना वाटतात. आपल्या शाखांनीही दिवाळीत असा उपक्रम करावा, अशी सूचना अधूनमधून होत असते. तिच्यामागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ज्या समाजाने हाताच्या कामाला शतकानुशतके हीन लेखले, तेथे एखादा निवृत्त बँक अधिकारी पटाशी हाती धरतो आणि स्वतः केलेली वस्तू परक्याच्या मुलाला देतो, ही गोष्ट लहान नव्हे. तरीही समाजवादी कार्यकर्त्याने दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. ज्याचे पोट या कलेवर आहे त्या कारागिराचे यात काय होते? आणि मुलाला हे खेळणे कोणत्या नात्याने मिळते?

पहिल्या प्रश्नासाठी दूर जावयास नको. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे, खेळणी व पाट करणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आली. पांगाऱ्याचे लाकूड हलके व मऊ. ते वाळवावयाचे, कातावयाचे, घासून गुळगुळीत करावयाचे आणि मग रंगवावयाचे. गंजिफा व लाखकाम मरणपंथाला लागले असता 1970च्या दशकात तेथील राजघराण्याने, विशेषतः सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, राजवाड्यातच कारागिरांना बसवून ते जगविले. (लोकशाही शासनाचे काम माजी संस्थानिकांना करावे लागले, याची नोंद आपण प्रांजळपणे केली पाहिजे.) कर्नाटकातील चन्नपट्टणमध्ये फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. अशा खेळण्यात लाकडाचे मोल थोडे, वेळेचे फार. किंमत म्हणून जे दिसते, ती वस्तुतः मजुरी असते.

आणि बाजारात घासाघीस होते ती नेमकी या मजुरीवर. केंद्र सरकारने खेळण्यांवरील आयातशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के केले. परंतु परदेशी मालाला भिंत घातल्याने मोकळा झालेला बाजार भांडवल असलेल्या देशी प्लॅस्टिक कारखान्याने व्यापावा, यात आश्चर्य नाही. कातारी त्या शर्यतीत उतरतो तो केवळ दोन हात घेऊन. 2021 पासून खेळण्यांना मानकचिन्ह सक्तीचे झाले; नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट मिळाली. सूट योग्यच. पण त्याच्या रंगाची व सुट्या भागांची चाचणी शासनाने विनामूल्य करून दिली असती, तर कारागिराची पत वाढली असती आणि मुलाची सुरक्षितताही. अशा कारागिराच्या दारावरून जाऊन आपण हौशी माणसाकडून फुकटची खेळणी गोळा करून वाटू लागलो, तर आपल्या दयेचा खर्च त्याच्या माथी पडेल.

आता मुलाकडे वळू. 1989 च्या बालहक्क संहितेच्या 31व्या कलमाने खेळणे हा मुलाचा हक्क मानला. भारताने ती संहिता 1992 मध्ये स्वीकारली. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभारले, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला आदिवासी पाड्यांत नेले. माँटेसरीची महागडी साधने परवडत नाहीत म्हणून शंख, बिया, खडे हीच साधने केली. त्या दात्याची वाट पाहत बसल्या नाहीत. शिवाय त्यांचे साहित्य एका मुलाच्या मालकीचे नव्हते. ते शाळेचे होते, रोज हाताळले जाणारे होते.

दिवाळीच्या वाटपात याच्या नेमके उलटे घडते. एक मूल, एक गाडी, एक छायाचित्र! आठ दिवसांत चाक निखळते. ते जोडणारा कोणी नसतो. अंगणवाडी 1975 पासून आहे. पन्नासहून अधिक स्त्रिया जेथे काम करतात त्या बांधकामावर पाळणाघर असावे, असा कायदा 1996 मध्ये झाला. तुमच्या तालुक्यातील किती बांधकामांवर ते पाळणाघर दिसते? ऊसतोडीच्या फडावर आईच्या कोयत्यामागे बसलेल्या मुलाच्या हाती कोण काय देते? कार्यकर्त्यांनी आधी ही मोजणी करावी, निवेदने द्यावीत, आणि अंगणवाडीची खेळणी न्यूनतम निविदेने न घेता जिल्ह्यातील कारागिराकडून, पुऱ्या मजुरीच्या दराने घ्यावीत असा ठराव पंचायत समितीत मांडावा.

मग हौशी कातकामगाराने काय करावे? त्याची गरज आहेच, पण दुरुस्तीसाठी. महिन्यातून एकदा अंगणवाडीत जावे, सैल चाके घट्ट करावीत, कुसळे घासून काढावीत, लहानग्याच्या तोंडात जाईल असा तुकडा सुटत नाही ना हे पाहावे. पांगुळगाडा मोडला तर तेथेच, मुलांच्या देखत, नीट करावा. भातुकलीचे पोळपाट-लाटणे मुलग्यांच्याही हाती द्यावे. सेविकाताई हसल्या तरी द्यावे.

आणि ज्या शाखांना दिवाळीपूर्वी काही द्यावयाचेच आहे, त्यांनी वर्गणी उन्हाळ्यातच जमवून चितारआळीत मागणी नोंदवावी. दर कारागीर सांगेल तो द्यावा आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. लाकूड त्याला आधी विकत घेऊन वाळवावे लागते, आणि कोकणच्या पावसात रंग लवकर वाळत नाही.