तासाचा हिशेब रुग्णालयांनी द्यावा

‘सेप्टिक झाले आणि दोन दिवसांत माणूस गेला’, हे वाक्य बडोद्यातील आपल्या मराठी घरांना नवे नाही. जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिकारच भलत्या दिशेला जातो आणि मूत्रपिंडे, फुप्फुसे निकामी होऊ लागतात, तो हा सेप्सिस. एकट्या २०१७ साली जगात सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू याच्याशी निगडित होते, असा अंदाज आहे.

श्वास वाढला, रक्तदाब उतरला, लघवी कमी झाली, हे बहुधा प्रथम परिचारिकेच्या लक्षात येते. सेप्टिक शॉकची शंका असेल तर तासाभरात प्रतिजैविक द्यावे, असे २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. म्हणून ‘सिस्टर गोड बोलतात का’ एवढे विचारून शुश्रूषेची प्रत कळणार नाही. श्वास खरोखर मोजला का? बिघाड दिसल्यापासून डॉक्टर येईपर्यंत किती मिनिटे गेली? औषध लिहिल्यापासून शिरेत जाईपर्यंत किती? हे तीन आकडे दरमहा जाहीर व्हावेत.

हे अशक्य नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रोरी स्टॉन्टन हा १२ वर्षांचा मुलगा सेप्सिसने दगावला. पुढच्याच वर्षी त्या राज्याने रुग्णालयांना सेप्सिसच्या उपचारांची पद्धत ठरवणे आणि त्याची माहिती सरकारला देणे बंधनकारक केले.

मात्र हे आकडे परिचारिकांना धारेवर धरण्यासाठी नकोत. रात्रपाळीत एकीवर तीस खाटा सोपवल्या तर तक्ता भरेल, पण श्वास मोजला जाणार नाही. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी त्या पाळीत किती परिचारिका होत्या, हेही छापले पाहिजे.

आणखी एक गोष्ट खास आपली. रुग्ण असंबद्ध बोलू लागणे हे सेप्सिसचे एक लक्षण. आजी मराठीत बोलणार, सिस्टर गुजराती किंवा मल्याळी. बरळणे कोणते आणि नेहमीचे बोलणे कोणते, हे तिला कसे कळावे? ‘आजी आज वेगळंच बोलतेय’ असे नातेवाईकाने सांगितले, तर ते वेळेसह तक्त्यात नोंदले गेलेच पाहिजे. आपणही ते सांगायला संकोच करू नये.

मते मागायला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण एवढेच विचारू या: आमच्या रुग्णालयांचे हे आकडे कधी दाखवता? रस्ते आणि गटारे यांच्याइतकाच हा आपल्या हक्काचा प्रश्न आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.