नाव बदलून मिळालेले पाणी

१९४८ च्या ऑगस्टमध्ये लंडनमधील वेम्बलीच्या तलावावर व्हिक्टोरिया मनालो ड्रेव्हज् या तेवीस वर्षांच्या अमेरिकन युवतीने सूर मारण्याच्या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. स्प्रिंगबोर्डवर तिने झोई अ‍ॅन ओल्सन हिला सुमारे अर्ध्या गुणाने मागे टाकले आणि नंतर दहा मीटर उंचीच्या मनोऱ्यावरूनही तीच पहिली आली. एकाच ऑलिम्पिकमध्ये ही दोन्ही सुवर्णपदके मिळविणारी ती पहिली स्त्री होय. याच ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले होते, हे मराठी वाचकाला ठाऊक असतेच. व्हिक्टोरियाचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नाही. अर्थात तिची कथा केवळ पदकांसाठी सांगण्याजोगी आहे असेही नाही.

तिचे वडील फिलिपिनो, आई इंग्रज. सान फ्रान्सिस्कोतील या कुटुंबाची परिस्थिती बेताची होती. नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत मुलीला पोहता येत नव्हते. पाच सेंट मोजले की सार्वजनिक स्नानतलावात उतरता येई, तेथे ती पोहायला शिकली. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तिला सूर मारण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण हवे होते. ते देणारा क्लब एका मोठ्या हॉटेलात होता, आणि तेथे ‘मनालो’ हे आडनाव चालणार नव्हते. अखेर आईचे माहेरचे ‘टेलर’ हे नाव लावून तिला आत घेण्यात आले. वडिलांचे नाव उंबऱ्याबाहेर ठेवल्यावरच पाणी मिळाले.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात प्रवेशाची किंमत पैशात मोजतात. पाच सेंटांची किंमत तशी होती. ती गरिबालाही कशीबशी परवडे. दुसऱ्या दाराची किंमत मात्र कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नव्हती, आणि ज्याच्याकडून ती वसूल केली जाई त्यालाच ती कळे. पुढे व्हिक्टोरियाला ज्याने लाईल ड्रेव्हज् या प्रशिक्षकाकडे नेले, तो सॅमी ली स्वतः कोरियन वंशाचा. तोही १९४८ मध्ये मनोऱ्यावरून सूर मारण्याच्या स्पर्धेत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्याच्या लहानपणी पासाडेना शहरातील तलाव गोरेतरांना आठवड्यातून एकच दिवस खुला असे, आणि त्यानंतर तलावातील पाणी बदलले जाई. उरलेले दिवस तो प्रशिक्षकाच्या परसातील वाळूच्या खड्ड्यात उड्या मारण्याचा सराव करी.

ही हकीकत वाचून अमेरिकेला नाके मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह ते पाणी प्राशन केले तेव्हा दंगल झाली आणि मागाहून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. न्यायालयातील वाद १९३७ पर्यंत चालला. कागदावर खुले असलेले पाणी आणि प्रत्यक्षात खुले असलेले पाणी यांत किती अंतर असते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

खानदेशात मुलींच्या बाबतीत हे अंतर आजही आहे. येथे पोहणे ही कधी क्रीडासंस्थांची मिरासदारी नव्हती. पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत शिकायचे आणि भीड चेपली की काठावरून सूर किंवा मुटका मारायचा, हाच अभ्यासक्रम. ही शाळा विनाशुल्क होती, पण ती होती मुलग्यांची. घरची विहीर असूनही तिच्यात न उतरलेल्या मुली कित्येक. पुढे रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात भूजल खोल गेले, विहिरींची जागा कूपनलिकांनी घेतली, आणि कूपनलिकेत पोहता येत नाही. धुळ्याची पांझराही वर्षातले बरेच महिने पोहण्याजोगी नसते. साहजिकच पोहण्यासाठी उरला तो शहरातला तरणतलाव. विहीर एकाच्या मालकीची असे, तलाव सार्वजनिक. म्हणून मुलींच्या दृष्टीने ही इष्टापत्ती ठरावयास हवी होती.

तशी ती ठरत नाही, याचे कारण शुल्कात कमी आणि वेळापत्रकात अधिक आहे. महिलांसाठी एखादा तास राखून ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती पासाडेनाच्या एका दिवसासारखी अपमानास्पद नव्हे. पुष्कळ स्त्रियांनाच ती हवी असते आणि ती नसेल तर त्या येणारही नाहीत. परंतु हा तास शाळा-कॉलेजच्या वेळेत पडला, स्त्री-प्रशिक्षक नसली, कपडे बदलण्याच्या खोलीला धड कडी नसली, तर राखीव तासाचे रूपांतर निषेधात व्हायला वेळ लागत नाही. वस्तुतः तलावाचा मोठा खर्च बांधणीचा आणि पाणी शुद्ध राखण्याचा. त्यात आणखी वीस मुली उतरल्याने तो फारसा वाढत नाही. रिकामा गेलेला तास हीच खरी उधळपट्टी.

सूर मारण्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती खोलीची. दहा मीटरवरून येणारे शरीर ताशी सुमारे पन्नास किलोमीटर वेगाने पाण्यावर आदळते. त्यासाठी साडेचार ते पाच मीटर पाणी लागते. तीन मीटरच्या फळीखालीही चार मीटरच्या आसपास लागते. उथळ तलावात ही विद्या शिकवणे म्हणजे मान मोडून घेणे. तलाव बांधून झाल्यावर त्याची खोली वाढवता येत नाही. तो निर्णय आराखड्यावर सही होतानाच होऊन जातो. सोलापूरच्या ऋतिका श्रीरामने राष्ट्रीय पातळीवर सुवर्णपदके मिळविली, तेव्हा अशी मुलगी मुंबई-पुण्यातच जन्मावी लागते हा समज खोटा ठरला. गिरण्यांचे सोलापूर आणि केळी-कापसाचे जळगाव यांत दैवाने काही फरक केलेला नाही.

तेव्हा जळगाव-धुळ्याच्या नगरसेवकांनी पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी तीन साधे प्रश्न विचारावेत: तलावावर स्त्री-प्रशिक्षक नेमली आहे का, मुलींचा तास शाळा सुटल्यानंतरचा आहे का, आणि नवा तलाव होणार असेल तर त्याच्या एका टोकाला पाणी किती मीटर खोल असेल. उत्तरे मुलींच्या शाळांच्या फलकावर लावली तर आणखी बरे.