खेळ मनगटाचा की साऱ्या अंगाचा?

व्हिडिओ गेम म्हटला की डॉक्टरने कपाळाला आठ्या घालायच्या, असा रिवाज आहे. बसून बसून पोट सुटते, डोळे चुरचुरतात, जेवणाचे भान राहत नाही, असे आम्ही सांगतो आणि त्यात खोटे काही नाही. पण अलीकडे दवाखान्यात पालक वेगळाच प्रश्न विचारतात. "डॉक्टर, हा गेम बसून खेळायचा नाही. टीव्हीसमोर उभं राहून, हातपाय हलवून खेळायचा. मग हा व्यायामच झाला ना?" मुलाकडे अमेरिकेला सहा महिने राहून आलेले आजी-आजोबाही विचारतात, "तिकडे बर्फामुळे बाहेर पडता येत नव्हतं. नातवाबरोबर टीव्हीवर बोलिंग खेळायचो. त्याचा शरीराला काही उपयोग?"

प्रश्न रास्त आहे. यंत्र स्वस्त नसते, आणि 'व्यायामाचा गेम' म्हणून ते एकदा घरात आले की मैदानावर पाठवण्याची घाई उरत नाही. म्हणून उत्तर नीट समजून घ्यायला हवे. ते नुसत्या 'हो' किंवा 'नाही'त देता येत नाही. गेम कोणता यावर ते अवलंबून आहे, आणि त्याहूनही अधिक, तो गेम शरीराच्या कोणत्या भागाने खेळावा लागतो यावर.

आधी थोडा इतिहास पाहू. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये 'वी' नावाचे यंत्र अमेरिकेच्या बाजारात आणले. तोवर गेम म्हणजे दोन अंगठे आणि डझनभर बटणे. वीने हातात टीव्हीच्या रिमोटसारखी एक पट्टी दिली. ती हवेत फिरवली की पडद्यावर टेनिसची रॅकेट फिरे. सोबत 'वी स्पोर्ट्स' हा खेळ मिळे. त्यात टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच प्रकार होते. ज्या आजीबाईंनी आयुष्यात बटणाच्या गेमला हात लावला नव्हता, त्यांनाही हा खेळ पाच मिनिटांत जमला. जगभर अशी दहा कोटींहून अधिक यंत्रे खपली. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'किनेक्ट' आणले. त्यात हातात काहीच धरायचे नाही, टीव्हीजवळचा कॅमेराच सारे शरीर पाहतो. वीचे उत्पादन पुढे थांबले, किनेक्टचेही २०१७ मध्ये थांबले. त्याच २०१७ साली निन्टेन्डोचे 'स्विच' आले. आजचे हालचालीचे बहुतेक चांगले खेळ याच घराण्यात सापडतात.

आता मूळ मुद्दा. वीच्या रिमोटमध्ये एक छोटा संवेदक असतो. रिमोट किती वेगाने आणि कोणत्या दिशेने झटकला, हे तो ओळखतो. तो झटका खांद्यातून आला, कमरेतून आला की नुसत्या मनगटातून, हे मात्र त्याला कळत नाही. पहिल्या दिवशी मूल सारे अंग वळवून रॅकेट फिरवते, घामाघूम होते आणि आई खूश होते. आठवड्याभरात त्याच्या लक्षात येते की सोफ्यावर रेलून मनगटाचा झटका दिला तरी चेंडू तितकाच जोरात जातो. मुले हुशार असतात. कमी कष्टात जिंकता येत असेल तर जास्त कष्ट कोण करील? त्यात मुलाचा दोष नाही. खेळाने दिलेली ती सूटच आहे.

मोजमाप काय सांगते तेही पाहू. इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या संशोधकांनी २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १३ ते १५ वर्षांची मुले बसून खेळायचा गेम खेळताना आणि वी स्पोर्ट्स खेळताना किती ऊर्जा खर्च करतात, हे त्यांनी मोजले. वीवर किमान ५१ टक्के अधिक ऊर्जा खर्च झाली. ऐकायला आकडा भारी वाटतो. पण मुळात बसून खेळताना खर्च होतो तोच इतका थोडा की त्याची दीडपट झाली तरी ती थोडीच. आठवडाभराच्या एकूण ऊर्जाखर्चात ही वाढ दोन टक्क्यांहूनही कमी भरते, आणि खरे टेनिस किंवा खरे बॉक्सिंग यांच्या आसपासही ती पोचत नाही, असे त्याच संशोधकांनी लिहिले आहे.

दुसरा अभ्यास २०१० चा, जपानमधला. वैद्यकात श्रम मोजायला 'मेट' हे एकक वापरतात. स्वस्थ बसणे म्हणजे एक मेट. तीनच्या पुढे मध्यम व्यायाम, सहाच्या पुढे जोरकस व्यायाम. झपझप चालणे साधारण चार मेटच्या घरात येते. या मापाने वीवरचे गोल्फ दोन मेट भरले, बोलिंग २.६, टेनिस आणि बेसबॉल प्रत्येकी तीन, आणि बॉक्सिंग ४.२. तपासलेल्या प्रकारांपैकी दोन-तृतीयांश हलक्या श्रमाचे निघाले. सहाच्या पुढे एकही गेला नाही. बॉक्सिंगच पुढे का? कारण त्यात दोन्ही हात सतत चालवावे लागतात आणि दोन ठोशांमध्ये उसंत मिळत नाही.

तिसरा अभ्यास अमेरिकेतील ह्यूस्टनचा, २०१२ चा. पालकांनी तो मुद्दाम लक्षात ठेवावा. ९ ते १२ वर्षांच्या मुलांना वी यंत्र दिले. काहींना हालचालीचे गेम दिले, काहींना बसून खेळायचे. मग १३ आठवडे अंगावर मापक लावून त्यांच्या हालचाली वेळोवेळी मोजल्या. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. नुसता गेम घरात आणून ठेवल्याने मूल अधिक हलू लागत नाही, हा त्याचा अर्थ.

या खेळांच्या शौकिनांत एक जुना वाद आहे. काहींना बटणेच बरी वाटतात. त्यांच्या मते हात फिरवणे हे नुसते नाटक, त्यात नेमकेपणा नाही. काहींना रिमोट अधिक संवेदनशील हवा असतो. त्यांच्यासाठी कंपनीने २००९ मध्ये रिमोटला जोडायचा 'मोशन प्लस' नावाचा भाग काढला. त्यामुळे मनगट किती वळले हेही कळू लागले. दोन्ही पक्षांचा भर नेमकेपणावर आहे. माझे मत डॉक्टरचे आहे आणि ते वेगळे आहे. हातातले साधन किती नेमके यापेक्षा ते किती कडक, हे पाहावे. पाय न हलवता जिंकता येते का? येत असेल तर ती करमणूक समजावी, तिला व्यायामाच्या खात्यात जमा करू नये.

या कसोटीवर कोणते खेळ उतरतात? माझ्या मते पहिला क्रमांक 'रिंग फिट अॅडव्हेंचर'चा. स्विचसाठी तो ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. त्यात हातात एक लवचीक कडे धरायचे, ते दाबायचे आणि ताणायचे. त्याला स्वतःचा विरोध असतो, त्यामुळे स्नायूंना खरोखर जोर लावावा लागतो. दुसरा संवेदक मांडीला पट्ट्याने बांधायचा. गुडघा वर उचलल्याशिवाय पडद्यावरचा गडी धावत नाही आणि बैठक नीट खाली गेल्याशिवाय मोजली जात नाही. मनगटाची चलाखी येथे चालत नाही. खाली बिऱ्हाड असेल तर धावण्याऐवजी गुडघे थोडे वाकवण्याची सोयही त्यात आहे. दुसरा क्रमांक नाचाच्या खेळांचा. मात्र कॅमेऱ्याने सारे शरीर पाहणारे नाच वेगळे आणि नुसत्या उजव्या हातातला रिमोट पाहणारे वेगळे. दुसऱ्या प्रकारात हात नाचतो आणि पाय जागेवर राहतात. कॅमेऱ्याच्या खेळांना जागाही लागते. किनेक्टसमोर एकट्याला सहा फूट आणि दोघांना आठ फूट दूर उभे राहावे लागे. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत पलंग आणि कपाट सोडून तेवढी जागा कोठे उरते, ते यंत्र घेण्याआधी टेप लावून पाहावे. टेनिस, बॅडमिंटन, बोलिंग यांचा 'स्विच स्पोर्ट्स' हा संच २०२२ मध्ये आला. चार माणसे एकत्र हसतखेळत वेळ घालवतात म्हणून तो चांगला. पण मनगटाची सवलत त्यातही आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग सैल साधन वाईटच. तसे नाही. गोष्ट माणसावर अवलंबून आहे. तेरा वर्षांच्या मुलाला जी सवलत आळशी करते, तीच सवलत ज्याचा खांदा आखडला आहे, हाताला कंप आहे किंवा ज्याला फार वेळ उभे राहवत नाही, त्याला खेळात घेते. सत्तरीच्या गृहस्थाला खरा बोलिंगचा जड गोळा उचलवणार नाही. खुर्चीवर बसून रिमोट फिरवला तरी त्याचा खांदा हलतो, लक्ष लागते आणि शेजारी नातू असतो. अमेरिकेतील कित्येक वृद्धाश्रमांत वी बोलिंग लोकप्रिय झाले ते याचमुळे. तेव्हा वर उल्लेखिलेल्या आजी-आजोबांना माझे उत्तर असे: उपयोग झाला. मात्र तो चालण्याच्या बदल्यात धरू नये.

येथे आणखी एका अभ्यासाचा उल्लेख करतो. पक्षाघातानंतर हात सुधारण्यासाठी वी खेळावे का, हे तपासण्यासाठी कॅनडाच्या पुढाकाराने चार देशांत १४१ रुग्णांवर प्रयोग झाला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना चालू होते. त्याशिवाय अर्ध्या रुग्णांना दोन आठवड्यांत तासाभराच्या दहा बैठकांत वी खेळायला दिले. उरलेल्यांना पत्ते, ठोकळ्यांचा मनोरा, चेंडू असे साधे खेळ दिले. दोन्ही गट सुधारले आणि सारखेच सुधारले. घरात पक्षाघाताचा रुग्ण असेल आणि महागडे यंत्र परवडत नसेल, तर त्याने मनात खंत ठेवू नये. पत्त्याचा जोड आणि रोज तासभर समोर बसणारे माणूस, ही तोडीस तोड सामग्री आहे.

दुखापतींबद्दलही सांगायला हवे. २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २९ वर्षांच्या डॉक्टरची हकीकत छापून आली. नवे वी यंत्र आणून ते तासन् तास टेनिस खेळले आणि दुसऱ्या दिवशी उजव्या खांद्याच्या कळेने जागे झाले. स्नायूबंधाला सूज होती. वेदनाशामक गोळी आणि आठवडाभर खेळ बंद, एवढा उपचार पुरला. खऱ्या रॅकेटचे वजन हाताला थकवते आणि थांबायला लावते. हलक्या रिमोटला तसे वजन नसते, म्हणून थांबण्याची खूण मिळत नाही. हातातून सुटलेल्या रिमोटांमुळे कंपनीने डिसेंबर २००६ मध्येच मनगटाच्या लाखो दोऱ्या बदलून जाड दोऱ्या दिल्या होत्या. दोरी शोभेची नाही, ती घालावी.

घरी यंत्र असेल किंवा घ्यायचे असेल, तर पुढील गोष्टी पाळाव्यात.

एक, सोफा मागे सारावा. उभे राहूनच खेळायचे, हा घरचा नियम करावा. वृद्ध आणि आजारी यांना त्यातून सूट.

दोन, सुरुवातीला पाच मिनिटे खांदे, कंबर, गुडघे मोकळे करावेत. अर्ध्या तासानंतर थांबावे.

तीन, गुळगुळीत फरशीवर मोजे घालून खेळू नये. मधुमेह्यांनी अनवाणीही खेळू नये. तळव्याची संवेदना कमी असेल तर जखम कळत नाही.

चार, छातीत दुखणे, चालताना धाप लागणे, चक्कर किंवा फिट येणे असा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. उघडमीट करणाऱ्या प्रकाशाने काहींना फिट येऊ शकते.

पाच, खेळताना मुलाशी बोलून पाहावे. ते सहज गाणे म्हणू शकत असेल तर श्रम हलके आहेत. बोलता येते पण गाता येत नाही, अशी अवस्था असेल तर श्रम मध्यम, म्हणजे उपयोगी आहेत. या तपासणीला यंत्र लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

सहा, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास मध्यम ते जोरकस हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. या हिशेबात मनगटाचे टेनिस धरू नये. पावसाळ्यात मैदानावर चिखल असेल त्या दिवशी गुडघे उचलायला लावणारा गेम जरूर धरावा. ऊन पडले की मूल बाहेर.

यंत्र वाईट नाही आणि जादूचेही नाही. दुकानदार पडद्यावरची रंगीत चित्रे दाखवील. आपण मात्र त्याला एकच विचारावे, "हा गेम पाय न हलवता जिंकता येतो का?" आणि घरी आणल्यावर मुलाला "किती गुण झाले?" असे विचारण्याआधी त्याच्या पाठीवर हात फिरवून पाहावा. सदरा ओला लागला तर पैसे कारणी लागले.