हौसिंग मापाने घ्या, भावाने नव्हे

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गॅरेज, लेथ, वेल्डिंग आणि जुन्या सुट्या भागांचा व्यापार यांवर आपल्यातील कितीतरी घरे चालतात. मागचे हौसिंग गेलेली जुनी जीप-पिकअप गॅरेजला येते, तेव्हा गिऱ्हाईक विचारते, ‘स्वस्तात कोणते मिळेल?’ आणि उस्ताद म्हणतात, ‘कोणतेही आणा, बसवून देतो.’ आपल्या धंद्याचे नुकसान या उत्तरात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९४५ साली ‘महिंद्र अँड महंमद’ या नावाने निघालेली आणि १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालेली कंपनी १९४७ पासून जीप जोडू लागली. पुढे इंजिने बदलली, गिअरबॉक्स बदलले, तशी हौसिंगही बदलली. म्हणून ‘जीपचे हौसिंग’ एवढे सांगून भागत नाही. पहिला प्रश्न रेशोचा. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की रेशो निघतो. ४३ ला ८ ने भागले तर ५.३८, ३९ ला ८ ने भागले तर ४.८८. ५.३८ च्या जागी ४.८८ बसवले तर त्याच वेगाला इंजिन सुमारे नऊ टक्के कमी फिरते, पण चाकावरची ओढही तेवढीच घटते. सपाट रस्त्यावर मालक खूश होतो. कांद्याच्या गोण्या भरून करंजी घाट चढताना मात्र तोच मालक उस्तादांचे नाव काढतो.

रेशो पाहण्यासाठी हौसिंग उघडावेही लागत नाही. एक चाक अडवून दुसरे पूर्ण दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टच्या बाजूचे फेरे मोजा. जितके फेरे, तितका रेशो. भंगारवाल्याच्या दारातच हे काम होते.

त्यानंतर टेप काढावा. दोन्ही ड्रममधले अंतर, पाट्यांच्या बैठकांमधले अंतर, चाकाच्या बोल्टांची संख्या आणि ब्रेक ड्रमचा आकार ही मापे जुन्या हौसिंगशी ताडून घ्यावीत. जुन्या जीपचे डिफरन्शियल मधोमध नसून एका बाजूला असते. मधोमध डिफरन्शियल असलेले हौसिंग घातले तर प्रॉपेलर शाफ्ट तिरका पडतो आणि क्रॉस लवकर जातात. बैठका कापून पुन्हा वेल्ड केल्या, तर पिनियनचा कोन बिघडतो आणि उष्णतेने नळी वाकण्याचा धोका असतो. चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा, नाहीतर टायर घासतात आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. उलट, मॅटाडोर व्हॅन पुढच्या चाकांवर चालणारी. तिच्या मागच्या अॅक्सलमध्ये क्राऊन-पिनियन नसतेच. तिथे बेअरिंग, ब्रेक आणि अॅक्सलचा सरळपणा पाहावा.

‘मोठ्या गाडीचे हौसिंग टाकले की भार जास्त घेता येतो’ हाही गैरसमज आहे. चौकट, पाटे आणि ब्रेक जुनेच राहतात आणि नोंदणी पुस्तकातले वजन वाढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि मालकाला २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘विंटेज’ नोंदणी करायची असेल, तर गाडी मूळ रूपात हवी आणि ती व्यापारी कामासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून गाडी कमाईसाठी आहे की हौसेसाठी, हे उस्तादांनी आधीच विचारावे.

आमची सूचना साधी आहे. सुटे भाग विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी प्रत्येक हौसिंगवर रेशो, रुंदी आणि कोणत्या गाडीतून काढले ते ऑइल पेंटने लिहून ठेवावे. गॅरेजवाल्यांनी तीच माहिती बिलावर उतरवावी आणि मोजमापाची मजुरी वेगळी मागावी. ती मागण्यात संकोच कसला? हौसिंग कोणीही विकेल. बरोबर हौसिंग निवडून देणे हा हुन्नर आहे, आणि गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच दारात येते ते त्या हुन्नरामुळे.