टर्कीचा हंगाम कोण ठरवतो? एका पक्ष्याच्या पुनरागमनाचा आणि नियमपुस्तिकेचा इतिहास

(धागा)

१/ अमेरिकेत रानटर्कीच्या शिकारीचा बेत आखणाऱ्याला बंदुकीच्या आधी दिनदर्शिका उघडावी लागते. दक्षिण फ्लोरिडात वसंतातील हंगाम मार्चच्या आरंभी सुरू होतो, तर न्यूयॉर्क राज्यात १ मे रोजी. एका राज्याचा परवाना सीमा ओलांडताच निरुपयोगी ठरतो. न्यूयॉर्कमध्ये भर दुपारी बाराला शिकार थांबवावी लागते. अनेकांना हा निव्वळ सरकारी जाच वाटतो. या धाग्याचे प्रतिपादन वेगळे आहे. हे नियम नव्हते, तेव्हा हा पक्षी संपत आला होता. म्हणून नियमांचे वाचन हा शिकारीचाच पहिला टप्पा मानला पाहिजे.

२/ मराठी मुलुखाला हा पक्षी अगदीच परका नाही. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जी दुर्मीळ चीजवस्तू नेली, तीत टर्कीही होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याचे कुतूहलाने वर्णन केले आणि दरबारी चित्रकार मन्सूरने त्याचे चित्र काढले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पण तो होता मेक्सिकोत माणसाळवलेल्या वाणाचा वंशज. येथे कथा आहे ती त्याच्या उत्तरेकडील रानटी भाऊबंदांची.

३/ रानटर्कीच्या पाच उपजाती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतात. वसंतात नर पहाटे झाडावरूनच घोगरी साद घालतो आणि माद्या त्या आवाजाच्या दिशेने जातात. शिकारी हा क्रम उलटवतो. तो मादीचा आवाज काढतो आणि नराला आपल्याकडे बोलावतो. नराची खूण म्हणजे छातीवर लोंबणारा केसांसारख्या पिसांचा झुपका. त्याला तेथे ‘दाढी’ म्हणतात. अनेक राज्यांचे कायदे ‘दाढीवाला पक्षी’ याच शब्दांत शिकारीची मुभा देतात.

४/ युरोपीय वसाहतींच्या प्रारंभी पूर्वेकडील अरण्यांत हा पक्षी विपुल होता. पुढे शेतीसाठी जंगले तुटली. बाजारात विकण्यासाठी बारमाही शिकार होऊ लागली. विणीच्या काळातही बंदुका थांबल्या नाहीत. कनेक्टिकटमधून तो १८१३ पर्यंत नाहीसा झाला. मॅसॅच्युसेट्समधील शेवटची नोंद १८५१ ची, माउंट टॉम या डोंगरावरची. १९३० च्या दशकात साऱ्या देशात मिळून सुमारे दोन लाख पक्षी उरल्याचा अंदाज सांगितला जातो.

५/ हंगाम प्रत्येक राज्याचा वेगळा का, याचे उत्तर इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये शिकार हा राजाचा आणि जमीनदारांचा विशेषाधिकार होता. १७२३ च्या ‘ब्लॅक अॅक्ट’ने तर हरणचोरीच्या काही प्रकारांना थेट देहदंड ठेवला. अमेरिकेत वेगळा विचार रुजला. रानातला प्राणी कोणा एकाचा नाही, तो जनतेचा आहे आणि राज्य त्याचे विश्वस्त आहे. १८९६ च्या ‘गीअर विरुद्ध कनेक्टिकट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा हा अधिकार उचलून धरला. राज्याच्या मालकीविषयीची त्यातील भूमिका १९७९ मध्ये रद्द झाली. हंगाम ठरवण्याचे काम मात्र राज्यांकडेच राहिले.

६/ या इतिहासाला काळी बाजूही आहे. त्याच १८९६ साली ‘वॉर्ड विरुद्ध रेस हॉर्स’ खटल्यात न्यायालयाने बॅनॉक जमातीच्या शिकारीच्या कराराधिष्ठित हक्कापेक्षा वायोमिंग राज्याचा कायदा वरचढ ठरवला. राज्य अस्तित्वात येताच तो हक्क संपला, असा त्याचा अर्थ होता. क्रो जमातीच्या संदर्भातील ‘हरेरा विरुद्ध वायोमिंग’ या निकालाने हे तत्त्व नाकारले, पण तोवर २०१९ उजाडले होते. ‘जनतेचा प्राणी’ म्हणताना जनता कोण, हा प्रश्न सव्वाशे वर्षे लोंबकळत राहिला. नियमांची बाजू मांडणाऱ्याने हे विसरू नये.

७/ राज्यांनी कायदे केले, पण त्यांना पळवाट होती. एका राज्यात बेकायदा मारलेला पक्षी रेल्वेने दुसऱ्या राज्याच्या बाजारात पोहोचला, की हात टेकावे लागत. आयोवाचे लोकप्रतिनिधी जॉन लेसी यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २५ मे १९०० रोजी संमत झाला आणि अशी आंतरराज्य वाहतूक हाच संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरला. विक्रीसाठीच्या शिकारीचा कणा मोडण्यास येथून सुरुवात झाली.

८/ पुढचा प्रश्न पैशाचा. २ सप्टेंबर १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पिटमन-रॉबर्टसन कायद्यावर स्वाक्षरी केली. बंदुका आणि काडतुसांवरील उत्पादनशुल्क त्यामुळे राज्यांच्या वन्यजीवकार्याकडे वळले. लांब बंदुकांवर आणि दारूगोळ्यावर हा दर आज ११ टक्के आहे. प्रकल्पाच्या खर्चाचा तीनचतुर्थांशापर्यंतचा वाटा या निधीतून मिळतो, उरलेला राज्याने घालायचा. अटही कडक होती: शिकार परवान्यांचे उत्पन्न राज्याने दुसरीकडे वळवता कामा नये. परवान्याची रक्कम कुठे जाते, या प्रश्नाचे उत्तर या अटीत आहे.

९/ पैसा आला, तरी पक्षी परतेना. राज्यांनी फार्मवर वाढवलेल्या टर्की रानात सोडून पाहिल्या. माणसाच्या हातचे दाणे खाऊन वाढलेल्या त्या पक्ष्यांना शत्रूची भीती माहीत नव्हती आणि पिल्ले जगवण्याचे शिक्षण देणारी रानातली आई लाभली नव्हती. कोल्हे, रॅकून, घुबडे यांनी त्यांचा फडशा पाडला. अनेक वर्षे आणि बराच पैसा या मार्गात वाया गेला.

१०/ वाट सापडली ती जाळ्यातून. पाणपक्ष्यांसाठी तयार झालेले तोफजाळे १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील फ्रान्सिस मेरियन राष्ट्रीय अरण्यात टर्कीसाठी वापरले गेले. पक्षी दाण्यांवर जमले, की लहान तोफांच्या स्फोटाने मोठे जाळे त्यांच्यावरून फेकले जाई. आता खरेखुरे रानटी पक्षी कळपाने, जिवंत पकडता येऊ लागले. त्यांना दुसऱ्या रानात सोडले, की ते तेथे टिकत आणि वाढत.

११/ मिझुरीचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९३७ मध्ये टर्कीची शिकार बंद झाली. १९५४ पासून पक्षी पकडून ओस पडलेल्या रानांत सोडण्याचे काम सुरू झाले. वसंतातील नवा हंगाम उघडला तो १९६० मध्ये, अवघ्या चौदा काउंटींत. त्या वर्षी ९४ पक्षी मारले गेले. दोन दशकांहून अधिक काळ राज्याने शिकाऱ्यांना थांबवले, आणि पुढे याच राज्यातील पक्षी इतर अनेक राज्यांत पाठवले गेले.

१२/ मॅसॅच्युसेट्समध्ये प्रतीक्षा याहून लांबली. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून पकडलेले ३७ पक्षी बर्कशर टेकड्यांत सोडण्यात आले. शिकारीचा हंगाम १९८० मध्ये सुरू झाला. शेवटचा पक्षी दिसल्यापासून सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली होती. आज त्या राज्यात तीस हजारांवर टर्की आहेत आणि बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइनसारख्या गावांत त्या भररस्त्यात वाहने अडवतात.

१३/ १९७३ मध्ये ‘नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन’ ही शिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि स्थलांतराच्या या कामाला स्वयंसेवकांचे बळ मिळाले. आज अलास्का सोडता उरलेल्या ४९ राज्यांत टर्कीची शिकार करता येते. पक्ष्यांची संख्या लाखांच्या घरात आहे. अमेरिकेच्या वन्यजीव इतिहासातील हे सर्वांत यशस्वी पुनर्वसनांपैकी एक मानले जाते.

१४/ हंगामाची तारीख ठरते कशी? टर्कीचा एक नर अनेक माद्यांशी जोडी करतो, म्हणून काही नर कमी झाले तरी वीण थांबत नाही, हे गृहीतक. मादी साधारण दहा-बारा अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस उबवते. बहुतेक माद्यांचे मीलन उरकावे, त्या अंड्यांवर बसाव्यात आणि मगच बंदुका निघाव्यात, असा हिशेब असतो. वसंत दक्षिणेत लवकर येतो, उत्तरेत उशिरा. म्हणून फ्लोरिडा मार्चमध्ये आणि मेन मेमध्ये. नकाशावर विस्कळीत दिसणाऱ्या तारखांमागे ऋतूचे हे गणित आहे.

१५/ गेल्या काही वर्षांत आग्नेय आणि मध्य भागांतील राज्यांत संख्या घटू लागली. राज्यांनी नियम आवळले. जॉर्जियाने २०२२ मध्ये नरांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, अलाबामाने पाचवरून चारवर. टेनेसीने २०२३ मध्ये हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला. कॅन्ससने त्याच वर्षी शरदातील शिकार स्थगित केली आणि २०२४ पासून बाहेरच्या राज्यांतील शिकाऱ्यांसाठी वसंतातील परवान्यांची सोडत सुरू केली.

१६/ या निर्णयांवर रोष आहे आणि त्यातील काही आक्षेप वजनदार आहेत. टेनेसीतच झालेल्या एका अभ्यासात हंगाम लांबवल्याने विणीचे यश वाढल्याचे आढळले नाही. अधिवासाचा ऱ्हास, अंडी खाणारे प्राणी, ओला वसंत अशी कारणेही पुढे केली जातात. मग शिकाऱ्यावरच बंधन का? कारण राज्याला पाऊस थांबवता येत नाही, खासगी जमिनीवरील रान एका ठरावाने परत आणता येत नाही. शिकार मात्र पुढच्याच वर्षी कमी करता येते. निष्कर्ष चुकला, तर तारीख पुन्हा मागे घेता येईल. संपलेला पक्षी परत आणायला मॅसॅच्युसेट्सला किती वर्षे लागली, हे वर आलेच आहे.

१७/ म्हणून बेत आखण्याचा क्रम असा असावा. प्रथम त्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका. गेल्या वर्षीची चालत नाही. मग शिकारी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, सोडतीच्या अर्जाची मुदत, विभागानुसार तारखा, जमीनमालकाची परवानगी. जमातींच्या भूमीवर त्यांचे नियम स्वतंत्र असतात. अंगावर लाल, पांढरा, निळा रंग नसावा, कारण नराच्या डोक्याचे रंग हेच असतात आणि दुसऱ्या शिकाऱ्याची गल्लत जिवावर बेतू शकते. शिकार साधल्यावर पक्ष्याला टॅग लावणे आणि मुदतीत नोंद कळवणे ओघाने आले. पुढच्या हंगामाचा निर्णय घेताना अशा नोंदी राज्याच्या हाताशी असतात. नोंद चुकवणारा शिकारी राज्याला अंधारात ठेवतो, आणि अंधारात ठरलेल्या नियमांबद्दल मग तोच तक्रार करतो.

१८/ या व्यवस्थेत एक उणीव राहते. पक्षी साऱ्या जनतेचा, पण खर्चाचा मोठा भार परवाने आणि बंदुकांवरील करांवर. शिकारी घटले, की निधीही आटेल. मिझुरीच्या मतदारांनी १९७६ मध्ये यावर उपाय काढला: विक्रीकराचा एक-अष्टमांश टक्का निसर्गसंवर्धनासाठी. तेथे बंदूक न धरणारा नागरिकही रानाचा खर्च उचलतो. विश्वस्ताची कल्पना खरी मानायची, तर हाच मार्ग अधिक न्याय्य ठरतो.

१९/ हा साचा उचलून भारतात बसवावा, असा याचा अर्थ नाही. भारताने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वेगळी वाट धरली आणि शिकारीचे दरवाजे जवळपास बंद केले. माळढोक आज मूठभर उरला आहे आणि त्याच्यापुढचा प्रश्न मुख्यतः हरवलेल्या माळरानांचा आणि विजेच्या तारांचा आहे. तेथे परवान्यांचे गणित उपयोगी नाही. शिकण्याजोगी गोष्ट दुसरी: पक्षी परत येतो तो अनेक दशके न ढळणाऱ्या शिस्तीने, नियमित पैशाने आणि चुकलेला प्रयोग वेळीच सोडून देण्याच्या तयारीने.

२०/ येत्या वसंतात टेनेसीतील एखादा शिकारी हंगाम दोन आठवडे उशिरा उघडतो म्हणून चरफडेल. त्याचे चरफडणे समजण्यासारखे आहे. त्या दोन आठवड्यांत नरांची साद रानभर घुमत असते आणि तो घरी बसलेला असतो. पण ती साद ऐकू येते, हीच मुळात त्याच्या आजोबांच्या पिढीने बंद हंगाम पाळल्याची कमाई आहे. त्यांच्यापैकी अनेकांना आपल्या रानात टर्की पाहायलाही मिळाली नाही. त्यांनी वाट पाहिली. त्याला फक्त दोन आठवडे थांबायचे आहे.

(समाप्त)